‘सयाजीराव’ घोडा खरंच मोठा होता का? तीन हिशेब वेगळे ठेवून पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे आजोबा बडोद्याच्या दांडिया बाजारात राहायचे आणि सांगायचे की प्रतापसिंह महाराजांनी विलायतेत ‘सयाजीराव’ नावाचा घोडा विक्रमी किमतीला घेतला आणि त्यानं तिथली मोठी शर्यत मारली. तुमचा मित्र म्हणतो, पैसे पाण्यात गेले. या घोड्याचा सख्खा भाऊ दांते त्याच्यापेक्षा सरस होता आणि हा पैदाशीला नापास झाला, म्हणूनच आज त्याचं नाव कुठल्या वंशावळीत दिसत नाही. खरं कोण बोलतंय, हे तुम्हाला हवंय. शिवाय शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की तिघा मित्रांचा पुण्याच्या बाजूला एका घोडीत हिस्सा घ्यायचा विचार आहे, तर पैदाशीचा घोडा पारखायचा कसा तेही सांगा.

मी आणंदला पशुवैद्यक शिकलो आणि पुढची पस्तीस वर्षं पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मांवर काढली. घोड्या भरवणं, त्यांची बाळंतपणं, शिंगरांचे पाय, सगळं पाहिलं. आता निवृत्त होऊन बडोद्यात घरी आहे. ‘सयाजीराव’ मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण बडोद्याचा म्हणून त्याच्या कारकिर्दीचा मी फार जीव लावून अभ्यास केला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गैरसमज, जो आपल्या गावात बऱ्याच जणांचा असतो. सयाजीबागेजवळच्या ‘काळ्या घोड्या’शी या घोड्याचा काही संबंध नाही. तो पुतळा सयाजीराव महाराजांचा, आणि आपला हा घोडा जन्मला १९४४ साली, महाराज गेल्यानंतर पाच वर्षांनी. नातवानं, म्हणजे प्रतापसिंह महाराजांनी, आजोबांचं नाव घोड्याला दिलं, एवढाच दुवा.

आता मूळ अडचण. तुमचे आजोबा आणि तुमचा मित्र या दोघांनीही तीन वेगवेगळे हिशेब एकाच वहीत मांडले आहेत. घोडा घेताना दिलेली किंमत रास्त होती का, हा एक हिशेब. तो मैदानावर किती चांगला होता, हा दुसरा. त्यानं पुढच्या पिढ्यांना काय दिलं, हा तिसरा. पहिल्यात तोटा होऊन तिसऱ्यात सोनं निघालेले घोडे मी पाहिलेत, आणि याच्या उलटही पाहिलेत. त्यामुळे एका वाक्यात ‘महान’ किंवा ‘वाया’ म्हणता येत नाही. तुम्ही कुठल्या हिशेबाला किती वजन देता, यावर बरंच अवलंबून आहे.

पहिला हिशेब किमतीचा. ‘सयाजीराव’ची आई रोझी लेजंड. सर एरिक ओल्सन नावाच्या यॉर्कशरच्या गृहस्थांनी तिला १९४१ च्या अखेरीस ३,५०० गिनींना घेतलं, तेव्हा ती नीअर्को या घोड्यापासून गाभण होती. पोटातलं शिंगरू होतं दांते. या दांतेनं १९४५ ची इंग्लिश डर्बी जिंकली. युद्धामुळे ती शर्यत त्या वर्षी एप्समला न होता न्यूमार्केटला झाली होती. त्याच वर्षी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, तोच बाप, तीच आई, एक वर्षाचं शिंगरू म्हणून लिलावात आला आणि आपल्या महाराजांनी २८,००० गिनींची बोली दिली. त्या काळचा तो विक्रम होता. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा २९,४०० पौंड झाले. त्या वेळच्या रुपयाला दीड शिलिंग या दरानं सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. थोरल्याला पोटात घेऊन आलेल्या आईची जी किंमत, तिच्या आठपट किंमत धाकट्याची, आणि तीसुद्धा त्याच्या पाठीवर अजून खोगीर चढलेलं नसताना.

वेडेपणा वाटतो ना? पण घेणाऱ्याच्या जागी बसून पाहा. बाप नीअर्को इटलीत फेदेरिको तेझियोनं पैदा केलेला, १४ शर्यती धावला आणि १४ जिंकला. १९३८ साली तो ६०,००० पौंडांना इंग्लंडमध्ये आला, तोही वळू घोड्यासाठीचा तेव्हाचा विक्रमच. आई आत्ताच डर्बी विजेत्याची आई ठरलेली. असं नर शिंगरू जेव्हा कोणी घेतो तेव्हा तो नुसता धावणारा घोडा घेत नसतो. घोडा मैदानावर बेताचाच निघाला तरी ‘डर्बी विजेत्याचा सख्खा भाऊ’ म्हणून त्याच्याकडे घोड्या येणार, ही किमतीतली खालची पायरी असते. धावला तर वरचं सगळं नफ्यात. म्हणून त्या बोलीला मी उधळपट्टी म्हणणार नाही. जोखीम मोठी होती, पण ती समजून घेतलेली होती.

मात्र ‘सख्खा भाऊ’ या दोन शब्दांपासून तुम्ही जपून राहा. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. पागेत हे अर्धंच खरं ठरतं. शिंगराला बापाकडून निम्मं येतं आणि आईकडून निम्मं, पण कुठलं निम्मं ते दर वेळी नव्यानं ठरतं. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांत सरासरी अर्धाच वारसा सामाईक असतो. त्यातही कधी थोरल्यानं उचललेला वेग धाकट्यात येतच नाही, आणि त्याऐवजी आईच्या बाजूचा दम येतो.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी हातून चूक झाली. नव्वदच्या दशकात एका स्टड फार्मच्या मालकांनी मला एक घोडा पाहायला बोलावलं. आपल्याकडची मोठी शर्यत जिंकलेल्या घोड्याचा तो सख्खा भाऊ. स्वतः फारसा धावला नव्हता, पण अंगानं देखणा, मान अशी की नजर हलू नये. बाजूनं पाहिलं तर पुढच्या पायांचे गुडघे किंचित मागे गेलेले होते. मला ते दिसलं होतं. तरी वंशावळीच्या कागदानं मी भारावलो आणि ‘घ्या’ म्हणून सांगितलं. त्याच्या पहिल्या तुकडीतल्या शिंगरांत तेच गुडघे उतरले. जोरात काम द्यायला लागलं की एकेक लंगडायला लागलं. मालकांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, पण त्या फार्मची चार वर्षं माझ्या सल्ल्यानं गेली, आणि ती रुखरुख मनातून गेलेली नाही. तेव्हापासून मी आधी घोडा पाहतो आणि मग कागद मागतो.

आता दुसरा हिशेब, मैदानाचा. इथे थोडं रेंगाळू या, कारण निकालांच्या रांगेत घोड्याचा स्वभाव लिहिलेला असतो.

‘सयाजीराव’चं मुख्य वर्ष १९४७. ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस या तबेल्यात. पहिली मोठी परीक्षा ‘२००० गिनीज’ नावाची शर्यत, अंतर एक मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं १६०० मीटर. त्या दिवशी ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्यानं आठ लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर) सगळ्यांना धूळ चारली. आपला तिसरा. मग लिंगफील्डची डर्बी ट्रायल त्यानं जिंकली. पुढे एप्समची डर्बी, अंतर दीड मैल. ट्यूडर मिन्स्ट्रेल तिथे दमात कमी पडून चौथा आला, फ्रान्सहून आलेला पर्ल डायव्हर जिंकला, आगाखानांचा मिगोली दुसरा आणि आपला पुन्हा तिसरा. त्यानंतर आयर्लंडला करागच्या मैदानावर आयरिश डर्बी, तिथे पहिला. आणि सप्टेंबर १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होऊन महिनाही होतो न होतो तोच, डॉन्कास्टरची सेंट लेजर. अंतर पावणेदोन मैलांच्या वर. जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. फ्रान्सचा आर्बार शेवटपर्यंत भिडला होता. ‘सयाजीराव’नं त्याला एका डोक्याएवढ्या फरकानं मागे टाकलं. तिसरा आला मिगोली, ज्यानं डर्बीत याला मागे टाकलं होतं.

मी हे कसं वाचतो ते सांगतो. मैलाला तिसरा, दीड मैलाला आणखी जवळचा, पावणेदोन मैलाला पहिला. अंतर वाढत गेलं तसा हा घोडा खुलत गेला. आमच्या भाषेत हा अस्सल ‘स्टेअर’, लांब पल्ल्याचा. अशा घोड्याला आखूड शर्यतीतल्या तिसऱ्या क्रमांकावरून कमी लेखणं म्हणजे विहिरीवरच्या बैलाला टांग्याच्या चालीवरून नावं ठेवणं. विजयाचं वजन करताना हरलेले कोण होते तेही पाहावं लागतं. आर्बारनं पुढच्याच वर्षी अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. मिगोलीनं पुढच्याच वर्षी पॅरिसची आर्क द त्रिओंफ जिंकली. म्हणजे त्या सेंट लेजरमधले पहिले तिघेही उच्च प्रतीचे होते. डोक्याएवढ्या फरकानं का होईना, पण अशांना हरवणं मी दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरच्या पाच लांबींच्या विजयापेक्षा वरचं मानतो. १९४८ मध्ये चार वर्षांचा असताना त्यानं रॉयल अ‍ॅस्कॉटची हार्डविक स्टेक्स घेतली.

आणि दांते? तुमचा मित्र म्हणतो ते इथे मी मान्य करतो. दांते नऊ वेळा धावला, आठ जिंकला. एकच हरला, १९४५ ची २००० गिनीज, तीही कोर्ट मार्शलकडून मानेएवढ्या फरकानं. दोन वर्षांचा असताना त्याला कोणी गाठू शकलं नाही. शुद्ध गुणवत्तेत थोरला वरचढ होता, यात मला शंका नाही. पण त्याची दृष्टी जात होती. डर्बीनंतर तो पुन्हा धावला नाही. धाकटा मात्र पूर्ण हंगाम राबला, समुद्र ओलांडून आयर्लंडला जाऊन जिंकला, चौथ्या वर्षीही जिंकला. माझ्या कामात टिकाऊपणाला फार किंमत असते, म्हणून मी दोघांत एवढं अंतर मानत नाही. शिंगरं विकून मोकळं होणाऱ्या माणसाला मात्र थोरलाच प्यारा वाटेल.

तिसरा हिशेब पैदाशीचा. तुमच्या मित्राची खरी चूक इथे आहे.

पैदाशीच्या घोड्याचा निकाल लागायला किती काळ जातो, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. घोडी भरवली की अकरा महिन्यांनी शिंगरू. ते धावायला लागेपर्यंत आणखी दोन वर्षं, लांब पल्ल्याचं रक्त असेल तर तीन-चार. ‘सयाजीराव’ची ग्लॅडनेस नावाची मुलगी १९५३ ची. तिनं अ‍ॅस्कॉट गोल्ड कप, गुडवुड कप आणि एबर हँडिकॅप या तिन्ही जिंकल्या १९५८ मध्ये, पाच वर्षांची झाल्यावर. व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या तबेल्यातली ही घोडी. गोल्ड कप अडीच मैलांचा, म्हणजे ४००० मीटरच्या आसपास. एकाच हंगामात तो जिंकून पुन्हा पावणेदोन मैलांची हँडिकॅप (म्हणजे सरस घोड्यावर जास्त वजन लादलेली शर्यत) जिंकायला छाती लागते. दुसरी मुलगी लिंक्रिस, १९६० ची आयरिश ओक्स, यॉर्कशर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर. मग मुलगा इंडियाना. १९६४ च्या डर्बीत सांताक्लॉजच्या मागे दुसरा आणि त्याच वर्षी सेंट लेजरला पहिला. बापानं १९४७ ला जिंकलेली शर्यत मुलानं सतरा वर्षांनी जिंकली.

ज्याला अशा दोन मुली आणि असा एक मुलगा झाला, त्या घोड्याला मी नापास म्हणू शकत नाही.

मग नाव का पुसलं गेलं? कारण गिऱ्हाईक बदललं. साठच्या दशकापासून घोडे पैदा करणाऱ्यांना लवकर तयार होणारी, मैलाच्या आतबाहेर पळणारी शिंगरं हवी होती. ती लिलावात खपतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पैसे परत करतात. ‘सेंट लेजर विजेता’ ही पदवी त्या बाजारात ओझं झाली. नीअर्कोच्या मुलांकडेच पाहा. आज जगभर ज्या शाखा पसरल्या आहेत त्या नसरुल्ला, रॉयल चार्जर आणि नीआर्क्टिक या तिघांच्या. यातल्या एकानंही डर्बी किंवा सेंट लेजर जिंकलेली नाही. ज्या गिनीजमध्ये दांते दुसरा आला त्यात रॉयल चार्जर तिसरा होता, म्हणजे दांतेच्या मागे. पण रॉयल चार्जरकडे वेग होता, आणि त्याच्याच नरवंशात चार पिढ्यांनंतर संडे सायलेन्स निघाला, ज्यानं जपानची पैदास पार बदलून टाकली. नीआर्क्टिकचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, त्याचा सॅडलर्स वेल्स, त्याचा गॅलिलिओ, त्याचा फ्रँकेल. नीअर्कोनं दिलेल्या पुडक्यातून कोणाला वेग मिळाला, कोणाला दम. बाजारानं वेगाला भाव दिला. यात ‘सयाजीराव’चा काही दोष नव्हता.

जिथे दमाला मान होता तिथे हे रक्त उजळलंही. इंडियाना पुढे जपानला गेला. तिथे आजही ३००० आणि ३२०० मीटरच्या शर्यती प्रतिष्ठेच्या मानतात. त्याचा मुलगा ताकेहोप यानं १९७३ ची जपानी डर्बी आणि ३००० मीटरची किक्का शो जिंकली, आणि दोन्हींत साऱ्या जपानचा लाडका हायसेइको त्याच्या मागे राहिला. पुढच्या वर्षी क्योटोला ३२०० मीटरची वसंतातली तेन्नो शो त्यानं घेतली. बडोद्याच्या घोड्याचा नातू जपानची डर्बी जिंकला, हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे? मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी हिंचक्यावर किती तरी वेळ एकटाच बसून होतो.

इथे महाराजांच्या दुसऱ्या घोड्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्यानं तिसरा हिशेब नीट समजतो. माय बाबू, फ्रान्समध्ये जन्मलेला, जेबेलचा मुलगा. १९४८ ची २००० गिनीज त्यानं चार्ली स्मर्कच्या हाताखाली द कॉब्लरला डोक्याएवढ्या फरकानं हरवून जिंकली. डर्बीत चौथा आला, आणि परत मैलावर उतरून ससेक्स स्टेक्स जिंकला. म्हणजे ‘सयाजीराव’च्या नेमका उलट, मैलाचा घोडा. त्याचा मुलगा अवर बाबू यानं १९५५ ची २००० गिनीज जिंकली. पुढे माय बाबू अमेरिकेला गेला. तिथे त्याच्या मुलांनी फार मोठी गादी चालवली असं नाही, पण मुलींनी कमाल केली. त्याची एक मुलगी केरला, हो, नाव आपल्या केरळचंच, तिच्या पोटी डमॅस्कस जन्मला. १९६७ चा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा तो. प्रीकनेस, बेलमाँट आणि ट्रॅव्हर्स जिंकला, ट्रॅव्हर्स तर २२ लांबींनी. दुसरी मुलगी लुइआना, तिचा लिटल करंट, १९७४ ची प्रीकनेस आणि बेलमाँट, दोन्ही सात-सात लांबींनी. तिसरी गॅम्बेटा, तिची मुलगी गेमली, तीही नावाजलेली घोडी. पुढे डमॅस्कसचा मुलगा प्रायव्हेट अकाउंट, आणि त्याची मुलगी पर्सनल एन्साइन १३ पैकी १३ शर्यती जिंकून निवृत्त झाली.

तुमचा मित्र वंशावळीची फक्त वरची ओळ पाहतो: बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. माय बाबूचं नाव तिथे सापडणार नाही. ते खालच्या बाजूला, आईच्या बापाच्या जागी सापडतं. शिवाय लिलावाच्या कॅटलॉगवर तीनच पिढ्या छापतात. १९४४ चा घोडा आजच्या शिंगराच्या किती पिढ्या मागे असेल, तुम्हीच मोजा. आमच्या पागेत एक वृद्ध मोतद्दार होते, घोड्यांच्या तीन पिढ्या हाताखालून गेलेल्या. ते म्हणायचे, “दमाच्या घोड्याच्या लेकी ठेवून घ्याव्या, लेक विकून टाकावे.” त्या वाक्यामागचं कारण मला पुढे अनुभवानं पटलं. दमदार बापाची मुलगी वेगवान घोड्याला दिली की दोन्ही टोकं जुळतात. २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा अंतराशी असलेला संबंध दाखवला. त्याचे दोन प्रकार असतात, एक आखूड अंतराकडे झुकणारा आणि एक लांब. एक बापाकडून, एक आईकडून. दोन्ही वेगळे आले की मधल्या अंतराचा घोडा. मोतद्दारांना जनुकाचं नाव माहीत नव्हतं, निरीक्षण मात्र तेच होतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर किंमत जोखमीची पण सकारण, मैदानावर पहिल्या दर्जाचा लांब पल्ल्याचा घोडा, थोरल्या भावाहून गुणवत्तेत थोडा खाली आणि टिकाऊपणात वर, पैदाशीत यशस्वी पण बाजाराच्या वाऱ्याविरुद्ध. तुमच्या आजोबांचं पारडं मला जड वाटतं.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, बडोद्याच्या वाचकांसाठी. इंडियन डर्बी १९४३ ला सुरू झाली आणि पहिलीच डर्बी प्रतापसिंह महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं जिंकली. आणि न्यूमार्केटचं ज्या वॉरन प्लेसचं नाव वर आलं ती जागा महाराजांच्या मालकीची होती. पुढे ती सर नोएल मरलेस यांच्याकडे गेली आणि त्यांच्यानंतर सर हेन्री सेसिल यांच्याकडे. सेसिल यांनी तिथेच फ्रँकेलला तयार केलं. १४ धावला, १४ जिंकला, अगदी आपल्या नीअर्कोसारखा. नीअर्कोचा मुलगा जिथून डॉन्कास्टरला निघाला, तिथूनच पासष्ट वर्षांनी नीअर्कोचाच वंशज १४ वा विजय मिळवायला बाहेर पडला.

आता तुमची घोडी. तुम्ही अंदाजपत्रक लिहिलेलं नाही, घोडीचं वय लिहिलेलं नाही, आणि शिंगरू विकायचंय की स्वतः धाववायचंय हेही नाही. माझा सल्ला या तीन गोष्टींवर उलटसुलट होऊ शकतो. विकायचं असेल तर तुम्हाला बाजाराच्या चवीनं घोडा निवडावा लागेल: वेगवान, नव्यानं चर्चेत आलेला, ज्याची शिंगरं लहानपणीच देखणी दिसतात. स्वतः धाववायचं असेल तर घोडीकडे पाहून निवडा. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती १००० ते १६०० मीटरच्या असतात, त्यामुळे नुसत्या दमाच्या रक्तानं खर्च निघणं अवघड. पण डर्बीचं स्वप्न असेल तर ती २४०० मीटरची आहे, आणि तिथे आईकडून आलेला दम कामाला येतो.

पैदाशीचा घोडा पारखताना त्याच्या विजेत्या शिंगरांची नुसती संख्या मोजू नका. चांगल्या फार्मच्या घोड्याकडे उत्तम घोड्या जातात, त्यामुळे संख्या फुगते. याच घोड्यांनी दुसऱ्या वळूंपासून दिलेली शिंगरं कशी धावली, ते शोधा. त्यांच्याहून या घोड्याची शिंगरं सरस असतील तर त्यानं माद्यांना वर उचललं. तशीच किंवा कमी असतील तर माद्यांनी त्याला उचललं. हे काम किचकट आहे, रात्री जागून कागद जुळवावे लागतात, पण मला इतकं खरं बोलणारं दुसरं माप सापडलेलं नाही. पहिल्या तुकडीची शिंगरं धावायला लागली नसतील तर तुमच्या हातात फक्त अंदाज आहे. तो स्वस्तात मिळत असेल तरच घ्या.

जातिवंत थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष वळूपाशी न्यावीच लागते आणि भरवणं नैसर्गिकच व्हावं लागतं. म्हणजे वाहतूक, तिथला मुक्काम, खुराक, नालबंद, डॉक्टर, सगळा खर्च धरा. घोडी पहिल्या वेळी राहीलच असंही नाही. आपल्याकडे घोड्यांचं वय १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेल्याशी बरोबरीनं भिडणार. यासाठी घोडी लवकर माजावर यावी म्हणून हिवाळ्यात तबेल्यात रोज सोळा तास उजेड मिळेल असे दिवे लावतात. तुमच्या फार्मवर ही सोय आहे का, विचारा. भरवण्याची फी कशी ठरते तेही लेखी घ्या. शिंगरू जिवंत जन्मून, उभं राहून दूध प्यायलं तरच फी, असा करार मिळाला तर तो सगळ्यात बरा.

आणि हिश्श्याचे पैसे देण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. स्वतंत्र डॉक्टरकडून घोडीच्या गर्भाशयाची सोनोग्राफी आणि स्वॅब करून घ्या, फार्मच्या डॉक्टरकडून नको. घोडीनं गेल्या तीन वर्षांत किती वेळा भरवून किती शिंगरं दिली, तो तक्ता मागा. रिकामी गेलेली वर्षं का गेली, हेही विचारा. तक्ता आणि घोडीचा बाजूनं काढलेला, पुढचे दोन्ही गुडघे स्वच्छ दिसतील असा फोटो इथे टाकलात, तर मी पाहून सांगतो.